काट्यावरची हाक

बारामतीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात तीन माणसांची कंपनी होती. त्यातली एक मोनाली. जुन्या संगणकांत अडकून पडलेली माहिती बाहेर काढून द्यायची, हे तिचं काम. पतसंस्था, दूधसंघ, खरेदी-विक्री संघ... कुठं कुठं अजून जुनाट यंत्रं धूळ खात चालू असतात आणि ज्यांनी ती बसवली ती माणसं कधीच निवृत्त होऊन गेलेली असतात. अशा ठिकाणी मोनालीला पाठवत. तिलाही ते बरं वाटायचं. रिकाम्या खोलीत यंत्राशी झटापट करत बसलं की कुणी विचारत नाही, लग्नाचं काय झालं, नवरा कुठं असतो, परत का गेली नाहीस.

लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. वडील गंगाराम गुरुजी वारले होते, भाऊ बुद्धघोष नोकरीपायी नागपूरला, आई तुळसा निमगाव केतकीला घर धरून. मोनाली बारामतीत भाड्याच्या एका खोलीत राहायची. रविवारी तिच्या तोंडून दिवसभरात एक शब्द निघायचा नाही. सोमवारी चहाच्या टपरीवर "एक कटिंग" म्हणताना घसा असा खरखरायचा, की टपरीवाला विचारायचा, "ताई, सर्दी झालीया का?"

मे महिन्यात तिला एका साखर कारखान्याचं काम आलं. निमगावच्या पुढं, इंदापूरच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की तो कारखाना लागतो. काही वर्षं बंदच होता. आता एका नव्या मालकानं घेतला होता आणि जुनं सगळं भंगारात काढायचं ठरलं होतं. त्याआधी जुन्या संगणकातली सभासदांची माहिती उतरवून घ्यायची, एवढंच काम.

"दोन दिवसांचं आहे," तिचा वरिष्ठ सुयोग म्हणाला. "पाणी घेऊन जा. तिथं चिटपाखरू नसतं."

ती सकाळी स्कूटी काढून निघाली. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. कारखान्याच्या फाटकाशी लिंबाखाली बाज टाकून एक म्हातारा बसला होता. राखणदार. नाव बिरदेव. डोक्याला मुंडासं, अंगात मळकी बंडी, आणि माणूस दिसल्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता.

"या, या. भाकरी आनलीया न्हवं? हितं काय मिळायचं न्हाय."

"आणलीय तात्या."

"मग झालं तर. मी हितंच हाय. काय लागलं तर हाळी द्या."

कारखाना चालू असला की त्याचा आवाज दोन कोसांवर जातो. बंद असला की त्याची शांतता तितकीच मोठी असते. मोनाली यार्डातून चालत गेली तेव्हा तिच्या चपलांचा आवाज पत्र्यांवर आपटून परत येत होता. ऊस उतरवायची गव्हाण कोरडी पडली होती आणि तिच्या साखळ्यांत गवत उगवलं होतं. गिरणीच्या पोटातून पारवे घुमत होते. इतक्या वर्षांनीही मळीचा आंबूस गोड वास कुठून तरी येत होता, उन्हानं तापून अंगाला चिकटत होता.

संगणकाची खोली ऑफिसच्या इमारतीत, मागच्या बाजूला. भिंतीला कपाटाएवढं यंत्र, त्याच्यासमोर लांबट बाक, टेबल, टेबलावर जुनं टर्मिनल. वीज होती. यंत्र घरघर करत जागं झालं. टर्मिनलचा पडदा मात्र जळला होता, त्यावर हिरवा ठिपकासुद्धा उमटेना.

तिला हे नवं नव्हतं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. त्याला स्वतःची अक्कल नसते, सगळी अक्कल मोठ्या यंत्रात. पडद्याच्या जागी आपला लॅपटॉप वायरीनं जोडला की झालं. अडचण फक्त कळांची. आपण कळ दाबतो तेव्हा यंत्राकडं एक खूण जाते. वर जायच्या बाणाची एका कंपनीची खूण वेगळी, दुसरीची वेगळी. यंत्राला एकीची खूण शिकवलेली आणि समोर दुसरीचा कळफलक ठेवला, तर वर जा म्हणावं आणि पडद्यावर कंस-टिंबं उमटावीत अशी गत होते. मग मध्ये एक कोष्टक बसवावं लागतं. इकडची ही कळ म्हणजे तिकडची ती. मॅपिंग म्हणतात त्याला. दोन अनोळखी माणसांत दुभाषा बसवल्यासारखं.

मोनाली एकेक कळ दाबून जुळवत गेली. बाण जुळले. पान उलटायच्या कळा जुळल्या. आणि ती कळांवरचे हात काढून पाणी प्यायला लागली, तेव्हा पडद्याच्या तळाशी आपोआप उमटलं:

[29~

ती थांबली. तिनं काहीच दाबलं नव्हतं. थोड्या वेळानं परत तेच. मग लागोपाठ, घाईघाईनं उमटल्यासारखं, [29~ [29~ [29~, आणि परत शांत.

तिनं सुयोगला फोन लावला. "लाइनवर काहीतरी कचरा येतोय."

"कुठली तरी तुटकी वायर उघडी पडली असेल. उन्हानं तापून होतं तसं. त्याला गप्प करून टाक आणि पुढं जा."

गप्प करायचं तर आधी कुठून येतंय ते बघायला हवं. या खोलीतल्या पडद्यावर कारखान्यातल्या बाकी टर्मिनलांचे निरोप येत असत. कुठल्या लाइनवर काय जोडलंय ते यंत्राला ठाऊक होतं. तिनं विचारलं. उत्तर आलं: मागला काटा, म्हणजे उसाच्या गाड्या तोलायची मागची जागा. आणि तिथलं टर्मिनल निराळ्याच कंपनीचं होतं.

जेवायला ती लिंबाखाली आली. भाकरी सोडताना तिनं सहज विचारलं, "तात्या, मागच्या काट्यावर अजून मशीन आहे का?"

बिरदेवचा घास हातातच राहिला. "काट्यावर? काट्यावर काय बी न्हाय. पत्रं बी काडून नेलं चोरांनी. का वं?"

"तिथल्या मशीनला एक जास्तीचं बटण असेल. काय होतं ते, तुम्हाला आठवतं?"

म्हाताऱ्यानं घास खाली ठेवला.

"हाक," तो म्हणाला. "वरच्या कोपऱ्यात व्हतं. सारजानं त्येच्यावर चिकटपट्टी लावून लिवलं व्हतं, हाक. काट्यावरनं ते दाबलं की हितं खोलीत घंटी वाजायची. मग खोलीतला माणूस विचारायचा, काय गं सारजा. यार्डात लई आवाज असायचा, वरडून कुणाला ऐकू जायचं न्हाय. म्हणून ती सोय." त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. "तुमी ते काम लवकर आटपा, ताई."

एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली. मोनालीला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल म्हाताऱ्याला.

खोलीत येऊन तिनं ते केलं, जे तिच्यासारख्या माणसानं केलंच असतं. अर्धवट जुळलेलं कोष्टक तिला बघवायचं नाही. तिनं शेवटची ओळ भरली: ही खूण आली की घंटा वाजव. उलट निरोप पाठवायला आपल्याकडची एक कळही नेमून दिली.

लॅपटॉपमधून घंटा वाजली.

बारीक, स्वच्छ घंटा. एकदा. मग बराच वेळ काही नाही. कुणी कान देऊन बसावं तसा तो वेळ. मग परत एकदा.

मोनाली उठली आणि काट्याकडं चालत गेली. यार्डाच्या पार टोकाला, कालव्याच्या अंगाला, चार भिंती उभ्या होत्या. वर आभाळ. आत बाभळीची रोपं, शेळ्यांच्या लेंड्या. भिंतीतल्या भोकातून वायरीचं एक टोक लोंबत होतं. कापलेलं, तांबं काळं पडलेलं. तिनं ते हातात धरून पाहिलं आणि हसली. असं कुठं असतं का? भूतबीत काही नसतं, हे गुरुजींनी दोन्ही पोरांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. गावातली पोरं पिंपळाला घाबरायची, तेव्हा मोनाली आणि बुद्धघोष त्या पिंपळाखाली अभ्यासाला बसायची.

ती खोलीत परतली. पडद्यावर एक ओळ तिची वाट बघत होती. जुन्या टर्मिनलांना देवनागरी येत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी.

"मागला काटा: कोन हाय?"

मोनालीचा हात कळांवर गेला. आता कुणीही म्हणेल, तिनं तेव्हाच वायर काढायला हवी होती. पण तिला वाटलं, नव्या मालकानं हमरस्त्याकडं नवा काटा बसवलाय असं सुयोग म्हणाला होता, तिथं कुणीतरी जुनी लाइन जोडली असेल. तिथली कुणी बाई असेल. आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी कोण आहेस म्हणून विचारतंय, हेच तिला किती दिवसांनी ऐकायला मिळालं होतं.

तिनं लिहिलं, "मी मोनाली. संगणकाच्या खोलीत आहे. तुम्ही?"

"सारजा. आगं किती हाका मारल्या. ऐकू येत न्हवतं का?"

"आत्ता आलं. कळा जुळत नव्हत्या."

"आसं व्हय. मला वाटलं, समदी रागावली माझ्यावर."

मोनालीला हसू आलं. बिरदेवनं नाव सांगितलेली बाई अजून कामावर आहे तर. तिनं लिहिलं, "तिथं एकट्याच का?"

"एकटीच. तू?"

"मीपण."

मग अक्षरं एकेक करून उमटली, एका बोटानं टाइप करावीत तशी.

"जेवलीस का?"

मोनालीनं ती ओळ दोनदा वाचली. त्या दुपारी त्या दोघी बराच वेळ बोलत बसल्या. काही विशेष नाही. ऊन किती आहे. निमगावच्या बाजारात आंबा आला का. सारजा निमगावचीच निघाली. मोनालीच्या घराची विहारामागची गल्ली तिला ठाऊक होती. मोनालीनं कुणाला न सांगितलेलं थोडंफार सांगितलं, खोलीतल्या रविवारांबद्दल. पलीकडून येई, "व्हय गं बाई," नाहीतर "कळतंय मला." एकदा मात्र सारजानं लिहिलं, "हितं लई गार हाय." बाहेर लिंबाची पानंही उन्हानं माना टाकून होती. मोनालीला वाटलं, नव्या काट्यावर एसी बसवला असणार.

घरी जाताना ती गाणं गुणगुणत होती. आपण गुणगुणतोय हे कळलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी खरं म्हणजे तासाभराचंच काम उरलं होतं. तरी ती लवकर निघाली. वाटेत निमगावला थांबून तिनं आंबे घेतले. आईलाही उंबऱ्यातूनच भेटली, आई आत बस म्हणाली तरी बसली नाही. फाटकाशी आली तेव्हा बिरदेव बाजेवर बसून तंबाखू मळत होता. तिनं दोन आंबे त्याच्यापुढं ठेवले.

"तात्या, नव्या काट्याकडं कसं जायचं? तिथल्या सारजाताईंना थोडे द्यायचेत."

बिरदेवच्या तळहातावरची तंबाखू वाऱ्यानं उडून गेली, तरी त्याला कळलं नाही.

"कोन सारजा?"

"काट्यावरच्या. काल तुम्हीच म्हणालात ना. काल मी बोलले त्यांच्याशी. मशीनवरून."

"ताई... खाली बसा."

ती बाजेच्या कडेला बसली. म्हातारा हळू आवाजात सांगायला लागला, कुणी ऐकेल अशा भीतीनं. तिथं दुसरं होतं कोण!

"त्या टायमाला मी यार्डात गाड्यांची लाइन लावायचो. सारजा मागल्या काट्यावर. जवान पोरगी, नवरा टाकून गेल्याला, पर हाताला लई चलाख. राती बी एकटी बसायची. खोलीत मानसिंग असायचा. त्या साली खोलीतला जुना टीव्ही जळाला, आन् त्येच्या जागी दुसऱ्या कंपनीचा आणून बसवला. काट्यावरचा तसाच जुना. बटनं जुळंनात. पर वजनं येत व्हती, कामापुरतं चालत व्हतं. मग कोन ध्यान देतंय?"

तो थांबला.

"एका राती यार्डात ऊसच न्हवता. आमी समदी गव्हाणीकडं. सारजा काट्यावर एकटी. पाचटातनं मण्यार आली आन् तिला पायाला डसली. मण्यारीचं तुमाला ठावं हाय का? दुखत न्हाय. जीभ जड व्हती, डोळं मिटत्यात, आवाज म्हणून फुटत न्हाय. पाय गेलं असणार. पर हात चालत व्हता. ती बटन दाबत ऱ्हायली. दाबत ऱ्हायली. आन् हितं मानसिंगच्या टीव्हीवर..." बिरदेवनं हवेत बोटं नाचवली, "आसली किडामुंगी यायला लागली. कंस न् आकडं. घंटी न्हाय न् काय न्हाय. त्येला वाटलं, नवं मशीन बिघडलं. बंद केलं त्येनं आन् च्या प्यायला आला आमच्यात. आमच्यातच बसला व्हता, ताई. हसत व्हता."

"आणि?"

"दिस उगवला तवा कळलं. बोट बटनावरच व्हतं. सोडवावं लागलं." त्यानं मुंडाशाच्या पदरानं तोंड पुसलं. "मानसिंगचा तरी काय दोष? दोन मशिनींची बटनं निराळी असत्यात, हे त्येला कुणी सांगितलंच न्हवतं. त्येनं नोकरी सोडली. सोलापूरकडं गेला, तिकडंच मेला म्हनं. आन् काट्यावर परत कोन बसाया तयार हुईना, तवा तो काटा मोडला."

पिशवीतल्या आंब्यांचा वास एकदम जड झाला. मोनाली उठली.

"कुठं निघाला? नगं, ताई. मी सांगतो मालकाला, मशीन आसंच भंगारात दे म्हनून."

तिला जायचं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांपुढून ते बोट हलेना. दाबत राहिलेलं. आणि कालचं ते वाक्य, मला वाटलं समदी रागावली माझ्यावर. कुणीतरी एवढं तरी सांगायला हवं की नको, की बाई, तुझ्यावर कुणी रागावलं नव्हतं?

"लगेच येते तात्या," ती म्हणाली. "दार उघडं ठेवते."

खोलीत ऊन तिरपं पडलं होतं. यंत्र घरघरत होतं. घंटा वाजतच होती, ती आत यायच्या आधीपासून. मोनाली बाकावर बसली आणि तिनं लिहिलं:

"सारजाताई, ऐकलं. त्या रात्रीची हाक ऐकली. कुणी रागावलं नव्हतं. मशीन बदललं होतं, कुणाला कळलंच नाही."

घंटा थांबली.

यंत्राची घरघरही तिला लांब गेल्यासारखी वाटली. पारवे गप्प झाले. उत्तर यायला फार वेळ लागला.

"मागला काटा: ऐकलंस ना तू?"

"हो. ऐकलं."

"मागला काटा: मग थांब तितंच. मी येते."

मोनालीच्या मानेवरून काटा सरसरत खाली गेला. तिनं घाईनं लिहिलं, "नको. येऊ नका. तिथंच थांबा."

ओळ गेली. उत्तर आलं, पण मागच्या काट्यावरून नाही.

"यार्ड: " आणि पुढं नुसते कंस, टिंबं, वाकड्यातिकड्या खुणा. यार्डातलं टर्मिनल तिसऱ्याच कंपनीचं होतं. त्याचं कोष्टक तिनं केलं नव्हतं. यार्डात आता तर लोखंडी खांबही उरला नव्हता.

"थांबा," तिनं परत लिहिलं. "सारजाताई, थांबा. ऐकू येतंय का?"

"गव्हाण: " परत खुणा. अर्धी ओळ भरून.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. काट्यावरून इकडं यायचं तर यार्ड लागतो. यार्डातून गव्हाण. गव्हाणीच्या अंगानं प्रयोगशाळा. मग ऑफिसचा व्हरांडा. आपण लिहितोय ते तिकडं कंस-टिंबं होऊनच उमटत असणार. आपलं तिला काही ऐकू जात नाही.

"प्रयोगशाळा: "

मोनालीला वायर उपटायची होती. हात उचलेना. ती दाराकडं बघत राहिली. दार तिनं उघडं ठेवलं होतं. व्हरांडा रिकामा, उन्हानं भरलेला, फरशीवर धूळ. धूळ जशीच्या तशी होती. कुणाचं पाऊल वाजलं नाही. फक्त मळीचा वास गेला, आणि त्या जागी ओल्या पाचटाचा वास आला, पहाटेच्या दवात भिजलेल्या पाचटाचा. मे महिन्यात.

"हिशोब विभाग: "

हा विभाग म्हणजे शेजारची खोली. मधे एक भिंत.

मग पडदा बराच वेळ तसाच राहिला. आणि मग तळाशी एक ओळ उमटली. कंस नाहीत, टिंबं नाहीत. सगळी अक्षरं नीट जुळलेली. लाइनीचं नाव होतं संगणक कक्ष. म्हणजे ती स्वतः बसली होती तीच लाइन, तोच कळफलक. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"संगणक कक्ष: आले बाई. सरक जरा, बसू दे."

आणि मोनाली सरकली.

नंतर पुष्कळ दिवस तिला त्याच एका गोष्टीचं आश्चर्य वाटत राहिलं. ती ओरडली नाही, पळाली नाही. एसटीत शेजारी बाई येऊन उभी राहिली की आपण न बघता जसे सरकतो, तशी ती बाकावर खिडकीकडं सरकली. बाकाची फळी मोकळ्या बाजूला किंचित करकरली आणि खाली दबली. तिच्या डाव्या दंडाला गार लागलं. माठाला दंड टेकावा तसं.

मग कुठं तिला भान आलं. लॅपटॉप, पिशवी, आंबे, सगळं तिथंच टाकून ती धावत सुटली. टेबल ओलांडून, व्हरांड्यातून, यार्डातून, लिंबापर्यंत. बिरदेवनं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. तिच्या डाव्या दंडावर काटा तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सुयोग स्वतः जाऊन सामान घेऊन आला, राहिलेलं कामही उरकून आला. "ऊन लागलं असेल तुला," तो म्हणाला. "पण मॅपिंग झकास केलंस. तो काट्याच्या लाइनवरचा कचरा पार बंद झालाय. दिवसभरात एकदाही घंटा वाजली नाही."

आठवडाभरात यंत्र भंगारात गेलं. पावसाळा लागायच्या आत ती खोलीही पाडली, असं कानावर आलं. मोनालीनं महिनाभर रजा काढली. मग हळूहळू कामाला लागली, पण जुन्या यंत्रांवर जायचं नाही असं तिनं सांगून टाकलं. पहिले काही दिवस ती बाकावर, खाटेवर, बसमध्ये, कुठंही मधोमध बसायची. शेजारी जागा ठेवायची नाही. नंतर तेही गेलं. सुयोग म्हणाला, तू आता सावरलीस. तिलाही तसंच वाटलं. रविवार पूर्वीसारखेच मुके जाऊ लागले. तरी एक दोनदा तिला वाटून गेलं, एवढं घाबरायला नको होतं का? सारजानं काय केलं होतं आपलं? जेवलीस का, म्हणून विचारलं होतं.

आषाढातली एक संध्याकाळ. बाहेर भुरभुर चालली होती. मोनाली भाकरीचं पीठ मळत होती. मोबाइल खाटेवर पालथा पडला होता. तो वाजला नव्हता. वाजला असता तर एवढ्याशा खोलीत ऐकू आलाच असता. हात धुवून ती आली आणि आईला फोन लावावा म्हणून तिनं तो उचलला.

फोन आधीच चालू होता. पडद्यावर आईचं नाव होतं, आणि बोलणं सुरू होऊन बराच वेळ झालेला दिसत होता. तिनं तो कानाला लावला. पलीकडं आई हसत होती, जुन्या ओळखीच्या बाईशी हसावं तशी, मोकळं.

"...व्हय गं बाई, तू हाईस म्हनून मला घोर न्हाय बघ. निमगावचीच हाईस, आपल्या मानसावानी वाटतंय. बरं, तिचं हात धुवून झालं का? आली आसंल तर दे तिच्याकडं."